जुन्या फाइव्ह पॉइंट वनचं दुखणं

कॉम्प्युटरला जोडायचा फाइव्ह पॉइंट वन स्पीकरांचा संच एके काळी अनेकांनी हौसेनं घेतला. पाच छोटे स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा वूफरचा खोका. आज यातले कितीतरी संच माळ्यावर पडून आहेत, नाहीतर सतत घुमत, मधूनच एका बाजूनं मुके होत कसेबसे चालू आहेत. ‘वय झालं त्याचं, भंगारात द्या’ असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. माझं म्हणणं असं, की संचाच्या सगळ्या भागांचं वय सारख्या वेगानं होत नाही. ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचं चुंबक, वूफरचा खोका हा महागाचा ऐवज वर्षानुवर्षं टिकतो. आधी जातात ते स्वस्त भाग: वायर, पिना, व्हॉल्यूमचा कंट्रोल, कंडेन्सर. त्यामुळे दोष बाहेरून आत शोधत जावं आणि स्क्रू-ड्रायव्हर अगदी शेवटी हातात घ्यावा.

बाहेरच्या बाहेर किती कळतं, ते पाहा. मागचा डावा स्पीकर बंद आहे. संच बंद करून त्याची वायर खोक्यावर मागच्या उजव्याच्या जागी लावा आणि पुन्हा चालू करा. आता तो वाजला, तर स्पीकर आणि वायर दोन्ही धडधाकट. दोष ॲम्प्लिफायरच्या त्या चॅनेलमध्ये किंवा कॉम्प्युटरकडून येणाऱ्या जोडणीत आहे. नाही वाजला, तर दोष वायरीत नाहीतर स्पीकरमध्ये. मागचे दोन्ही एकदम बंद पडले असतील, तर दोन स्पीकर एकाच दिवशी जाण्यापेक्षा काळी पिन सैल झाल्याची किंवा गंजल्याची शक्यता कितीतरी मोठी, कारण बहुतेक संचांत हिरवी पिन पुढच्या दोघांची, काळी मागच्या दोघांची आणि केशरी मधल्या स्पीकरची व वूफरची असते. कोकणातल्या दमट हवेत तर पिनांचा संशय आधी घ्यावा. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल, तर कंट्रोलच्या आतली पट्टी मळलेली किंवा झिजलेली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा पुष्कळदा पुरतो. घुमण्याचीही अशीच परीक्षा. तिन्ही पिना कॉम्प्युटरमधून काढा. घुमणं थांबलं, तर गडबड कॉम्प्युटरच्या किंवा घरच्या अर्थिंगची. तरीही घुमत राहिलं, तर मात्र खोक्याच्या आत पाहावं लागेल, आणि तिथे पहिला संशयित म्हणजे वीजपुरवठ्याचा मोठा कंडेन्सर.

हा कंडेन्सर का जातो, याचा हिशेब सोपा आहे. त्याच्या आतला द्रव उष्णतेनं हळूहळू आटतो. ‘८५ अंश, २००० तास’ असं ज्याचं आयुष्य सांगितलेलं असतं, त्याचं तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानानं दुप्पट होतं. ४५ अंशांवर तो ३२,००० तास चालेल. रोज आठ तास धरले तर ही अकरा वर्षं झाली. पण संच चोवीस तास प्लगमध्ये चालू ठेवला, तर साडेतीन-पावणेचार वर्षंच! कंडेन्सर बदलताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवावा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं आणि अधिक-उण्याची बाजू अचूक. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा भाग सहज मिळतो, आणि नव्या संचाच्या किमतीपुढे त्याची किंमत किरकोळ असते.

‘पण घरच्या घरी उघडणं धोक्याचं नाही का?’ आहे, आणि हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये भार राहतो. जड ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस असेल, तर त्यातला मुख्य कंडेन्सर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास भारलेला असतो. मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची सवय नसेल, तर झाकण मेकॅनिकलाच उघडू द्या. मात्र वर सांगितलेली तपासणी करून जा. ‘चालत नाही’ यापेक्षा ‘पिना काढल्या तरी घुमतं’ हे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम लवकर होतं.

नवी वायर ओढणं बहुतेकांना जमेल. मागच्या स्पीकरपर्यंत पाच मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. ०.२ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीत त्याचा रोध जवळजवळ ०.८६ ओम भरतो. स्पीकर चार ओमचा असेल, तर सहाव्या हिश्शाहून जास्त व्होल्टेज वायरीतच जिरतं. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली की रोध पाव ओमावर येतो. याहून जाड वायर, सोन्याचा मुलामा, या गोष्टींवर पैसे घालवू नका. अधिक-उणे मात्र सांभाळा, कारण एकच स्पीकर उलटा जोडला की बास पातळ होतो आणि आवाज नेमका कुठून येतोय ते कळेनासं होतं. जुन्या वायरीवर खूण नसेल, तर सुट्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा; पडदा बाहेर आला की सेलची धन बाजू जिथे टेकली ती स्पीकरची धन बाजू. आणि वायर वाचवायला सगळ्यांच्या उण्या बाजू एकत्र बांधू नका. कित्येक ॲम्प्लिफायरांत ती बाजू शून्य व्होल्टवर नसते, आणि तिथे अशा जोडणीनं आयसी जळते.

साउंडबार का घेऊ नये, असंही विचारलं जाईल. जागा कमी असेल तर जरूर घ्या. पण स्वस्त साउंडबारचे सगळे स्पीकर समोर असतात. मागचा आवाज मागून हवा असेल, तर मागे स्पीकर ठेवण्याला पर्याय नाही. लॅपटॉपला तीन जॅक नसतात हा आक्षेप खरा, पण सहा चॅनेलचं यूएसबी साउंड कार्ड ती अडचण सोडवतं. ट्रान्सफॉर्मर जळला असेल किंवा कंट्रोल पॅनेलमधली खास आयसी गेली असेल, तर मूळ रूपात दुरुस्तीचा हट्ट धरू नये. तेव्हाही पाचही छोटे स्पीकर नव्या, योग्य ताकदीच्या ॲम्प्लिफायर बोर्डावर चालतात. मेलेला बोर्ड तेवढा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावा.

जोडणी झाली की आवाज कमी ठेवून कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये फाइव्ह पॉइंट वन निवडा आणि एकेका स्पीकरची चाचणी घ्या. संवाद वूफरमधून घुमत येत असतील, तर घाबरू नका. केशरी जॅकवर मधला स्पीकर आणि वूफर यांची अदलाबदल झालेली असते. काही साउंड कार्डांच्या सेटिंगमध्येच ती दुरुस्त करता येते.