पोलीस ठाण्यातली खुर्ची

1984 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरात मार खाणाऱ्या बाईला पोलिसांसमोर एकटीनं बोलावं लागू नये, शेजारी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती असावी, हा हेतू. पुढे असे कक्ष राज्यभर पसरले.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अशा कक्षांमध्ये, कौटुंबिक सल्ला देणाऱ्या स्वयंसेवी संस्थांमध्ये जरूर काम करावं. बाईनं माहेरून आणलेल्या आणि सासरी राहिलेल्या वस्तूंची यादी करायला बसलं की दागिने, भांडी येतात; मग ती हळूच म्हणते, "मुलाचा शाळेचा दाखलाही तिकडंच राहिलाय." घरातली सत्ता म्हणजे काय, ते तिथं कळतं. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर तिच्या नावावर नसलं तरीही. पुष्कळजणींना हे ठाऊकच नसतं.

एक मात्र कळकळीनं सांगते. तिची कहाणी म्हणजे आपल्या प्रकल्पाचं भांडवल नव्हे. नाव, गाव वहीत उतरवण्याआधी तिची परवानगी घ्या. आणि समेटाची घाई आपण करू नये.

मदतीसाठी महिला हेल्पलाइनचा क्रमांक आहे 181.