ऐकणे हेही धम्मकार्य : घरातील आवाजांचे जतन आणि हेडफोनची निवड

(श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स येथे झालेल्या वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)





कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. धम्म, शिक्षण, जातिअंत अशा विषयांच्या पंक्तीत हेडफोनसारखी बाजारातली वस्तू कोठून येऊन बसली, असा प्रश्न एका ज्येष्ठांनी आम्हांस विचारलाही. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच हे चार शब्द आहेत.

आपला धम्म प्रथम कानांनी जपला. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत आनंदाने सुत्ते सांगितली, ती स्वतः ऐकलेली म्हणून सांगितली. पुढे कित्येक शतके भिक्खुसंघाने ती मुखोद्गत ठेवली आणि इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेतील आलुविहार येथे ती लिपिबद्ध झाली. प्रज्ञेचे तीन प्रकार सांगताना परंपरेने ऐकण्यातून येणाऱ्या सुतमय प्रज्ञेला चिंतन आणि भावना यांच्याबरोबरीने स्थान दिले आहे. बाबासाहेबांची चळवळही खेड्यापाड्यांत अशीच पोहोचली. ज्यांना अक्षरओळख होऊ दिली गेली नव्हती, त्यांच्यापर्यंत भीमराव कर्डकांचा जलसा पोहोचला, वामनदादा कर्डकांचे गाणे पोहोचले. आमच्या पिढीने देश सोडला तेव्हा बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी भीमगीतांच्या कॅसेटी होत्या. कोणाच्या कॅसेटीत वस्तीतल्या जयंतीची सभा होती, कोणाच्या कॅसेटीत वडिलांनी पत्राऐवजी पाठवलेला निरोप होता. त्या कॅसेटी आज श्रूजबरी, वूस्टर, वेस्टबरो येथील आपल्या घरांच्या तळघरांत, उन्हाळ्याच्या दमट हवेत पडून आहेत. आणि ज्यांच्या आठवणी कोणत्याच कॅसेटीत नाहीत, ती माणसे वयोवृद्ध झाली आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे दहा वर्षांचे होते, त्यांचे वय आज ऐंशीच्या आसपास आहे.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो. ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्यातील एका कुटुंबात गावाकडून आजी आल्या होत्या. आई-वडिलांचे बोट धरून त्या दीक्षेला गेल्या होत्या. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे असे आम्ही ठरविले, चांगला मायक्रोफोन आणला, संगणक मांडला आणि संगीताची आवड असलेल्या मित्राकडचे उंची हेडफोन कानांवर चढविले. ते हेडफोन मागून उघडे होते. आजी दोन तास बोलल्या. पांढरे लुगडे कोठून आणले, वाटेत भाकरी कोणी दिली, घरातले देव कोणत्या ओढ्यात सोडले, हे सारे त्यांनी सांगितले. आमच्या कानांना आवाज स्वच्छ येत होता. रात्री मुद्रण लावले तेव्हा दूरवरून आल्यासारखा अस्पष्ट आवाज आणि त्यावर पंख्याची घरघर, एवढेच हाती आले. संगणकाने समोरचा मायक्रोफोन न घेता स्वतःच्या अंगातलाच मायक्रोफोन घेतला होता. आम्ही जे ऐकत होतो ते मुद्रण नव्हतेच. उघड्या हेडफोनच्या जाळीतून थेट खोलीतला आवाज कानी येत होता. आजी परत गेल्या. पुन्हा मुद्रण करण्यापूर्वीच त्या निवर्तल्या. त्या कुटुंबाने आम्हांस कधी दोष दिला नाही, म्हणून तो अधिकच लागतो.

या एका प्रसंगात हेडफोनच्या निवडीचे मर्म आले आहे. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये पडद्यामागची हवा मोकळी असते. त्यामुळे आवाज मोकळा आणि नैसर्गिक वाटतो, शांत खोलीत एकट्याने गाणे ऐकण्यास ते उत्तम. परंतु त्यांतून खोली कानात येते आणि कानातला आवाज खोलीत जातो. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये मागे घट्ट कप असतो आणि कानाभोवती गादी बसते. बाहेरचा आवाज बराच अडतो, म्हणून जे मुद्रित होत आहे तेच ऐकू येते. आणि आतला आवाज शेजारच्या मायक्रोफोनमध्ये झिरपून प्रतिध्वनी उमटत नाही. मुद्रण चालू असताना देखरेखीसाठी बंद पाठच हवी, ती याचसाठी.

बंद कपाचे दोषही जाणून घ्यावेत. आत कोंडलेली हवा खर्जाचे स्वर फुगविते, काही स्वर कपातच घुमतात. गादी कानाभोवती नीट बसली नाही, तर तोच खर्ज एकदम पातळ होतो. चष्म्याच्या दांडीने एवढी फट पडते, हे चष्मा लावणाऱ्यांनी स्वतः करून पाहावे. तेव्हा खरेदी करताना चष्मा लावूनच हेडफोन घालून पाहावा, निदान अर्धा तास घालावा, आणि ओळखीच्या माणसाच्या बोलण्याचे मुद्रण त्यावर ऐकावे. गाण्यापेक्षा बोलण्यात दोष लवकर उघडे पडतात. आपल्या आईचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला, तर किंमत कितीही असो, तो हेडफोन या कामाचा नाही.

बाजारात जी नावे वारंवार कानी येतात त्यांविषयी थोडे सांगतो. कोणाची जाहिरात करण्याचा हेतू नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या गळ्यात दिसतो. त्याचे वरचे स्वर प्रखर आहेत, म्हणून कॅसेटीची सरसर आणि ‘स’, ‘श’ यांचा बोचरेपणा तो लपवीत नाही. बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रो याच्या बहुतेक प्रकारांच्या गाद्या मखमली आहेत. तासन्‌तास बसणाऱ्यांना तो सोसतो. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्स याचा खर्ज किंचित भरीव आहे, हे ध्यानात ठेवून ऐकावे. सेनहायझरचा एचडी २८० प्रो डोके घट्ट धरतो, पण बाहेरचा आवाज चांगला अडवितो. ओहमचा आकडाही पाहावा. डीटी ७७० प्रो हा ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. साध्या संगणकाला वा खिशातल्या यंत्राला २५० ओहमचा प्रकार पुरेसा मोठा वाजविणे बहुधा जमत नाही. गाद्या आणि वायर बदलून मिळतात का, हेही विचारावे. चांगला हेडफोन वर्षानुवर्षे टिकतो, आधी झिजतात त्या गाद्या.

येथे एक शंका येईल. आपल्याच रूट ९ वरून पूर्वेस गेले की फ्रॅमिंगहॅमला बोस कंपनी लागते. बंगालमधून आलेल्या क्रांतिकारक पित्याचे पुत्र अमर बोस यांनी ती १९६४ साली स्थापिली आणि १९७८ साली झ्युरिकहून येताना विमानात त्यांना गोंगाट शमविणाऱ्या हेडफोनची कल्पना सुचली. प्रवासात असे हेडफोन वरदान आहेत. परंतु बाहेरचा गोंगाट पुसणारे यंत्र मूळ आवाजावरही आपला हात फिरविते, आणि बिनतारी जोडणीत आवाज उशिरा पोहोचतो. देखरेखीसाठी साधा, तारेचा हेडफोन बरा.

जुन्या कॅसेटी संगणकावर उतरविताना हा हेडफोन आणखी एक साक्ष देतो. भारतातील वीज ५० हर्ट्झची आणि अमेरिकेतील ६० हर्ट्झची. कॅसेटीच्या पोटातून येणारी घरघर ५० च्या आसपास असेल, तर ती वस्तीतल्या त्या सभेच्या विजेची. ६० ची असेल, तर दोष श्रूजबरीतल्या आपल्याच जोडणीत आहे आणि तो प्रथम दूर करावा. षड्ज आणि कोमल गंधार यांत जेवढे अंतर, तेवढेच या दोन घरघरींत आहे. बंद हेडफोनमध्ये सरावाने ते कळते. संगणकावर मोजता मूळची घरघर ५२ भरली, तर फीत शेकडा चार या वेगाने पुढे धावत असल्याचा संशय घ्यावा. भारतातली वीजही नेहमी नेमकी पन्नासाची नसे, म्हणून शेवटचा निर्णय घरच्यांच्या कानांनी द्यावा. वेग दुरुस्त झाला की वडिलांचा चढलेला, परका झालेला आवाज पुन्हा वडिलांचा होतो. कॅसेट यंत्राच्या हेडचा कोनही तसाच पाहावा. ‘स’ आणि ‘च’ ही अक्षरे सर्वांत स्पष्ट येतील तेथे थांबावे.

मुद्रणाच्या आधी हेडफोन घालून मायक्रोफोनच्या जाळीवर बोट अलगद फिरवावे. ती खरखर कानात मोठ्याने आली, तरच योग्य मायक्रोफोन चालू आहे. एवढी एक कृती त्या दिवशी केली असती, तर आजींचे दोन तास आज आपल्याजवळ असते.

कानांचीही काळजी घ्यावी. या देशातील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चारच तास. बंद हेडफोनने बाहेरचा गोंगाट अडतो, तेव्हा आवाज चढविण्याचे कारण उरत नाही. मुलांना हे आवर्जून सांगावे.

शेवटी एक विनंती. संघटनेने असे दोन हेडफोन आणि एक मायक्रोफोन विकत घ्यावा आणि ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे घरोघरी द्यावा. पुढील जयंतीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या एका ज्येष्ठाचा एक तास मुद्रित करावा, आणि हेडफोन नातवंडांच्या कानांवर ठेवावा. बाबासाहेबांचा आवाज आज आपल्या मुलांना ऐकता येतो, कारण १९५५ साली बीबीसीच्या मुलाखतीत कोणीतरी यंत्रापाशी लक्ष देऊन बसले होते. आपल्या आजी-आजोबांकडे बीबीसी येणार नाही. त्यांच्यापाशी आपणच बसायचे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!