पुढारी जन्मतो की घडतो?



उद्योगधंद्यातला पुढारी जन्मतो की घडतो, हा आजचा प्रश्न. आपल्या ग्वाल्हेरकरांना त्याचे अर्धे उत्तर गाण्यातून ठाऊक आहे. गोड गळा उपजत मिळतो; पण गुरूसमोर बसून वर्षानुवर्षे घोटल्याशिवाय त्याचे गाणे होत नाही. उरलेले अर्धे उत्तर महादजी शिंद्यांकडे आहे.

राणोजींच्या मुलांत महादजी वारसाहक्काने पुढे नव्हते. १७६१ साली पानिपतावर ते जबर जखमी झाले आणि पायाने कायमचे अधू झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचवले. महादजींनी त्याला भाऊ मानून मोठ्या पदाला चढवले. शौर्य अंगी होतेच, पण पानिपतावर तेवढे पुरले नव्हते. पुढे त्यांनी डी बॉईनकडून कवायती पलटणी तयार करवून घेतल्या. पराभवातून शिकणे आणि आपल्याला न येणारे काम जाणकाराच्या हाती देणे, हे जन्माबरोबर येत नाही.

धंद्यातही हेच दिसते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. यंत्रांचे वेड उपजत म्हणा. पण बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, मग लोखंडी नांगर, अशा पायऱ्या त्यांनी चढल्या. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी नांगर घेईनात, तेव्हा गिऱ्हाइकाचे मन ओळखायलाही शिकावे लागले. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतल्या एमआयटीचे पदवीधर झाले आणि परत येऊन वाडीच्या कारखान्यात कामाला लागले. पुण्यातला ऑइल इंजिनांचा उद्योग १९४६ चा. घरचे रक्त होते, परदेशची पदवी होती, तरी मध्ये वीस वर्षांचे काम होते.

आता आपल्याकडे पाहू. जे. सी. मिल केव्हाच बंद पडली. आपली मुले पुणे, इंदूर, बेंगळुरूला जातात. जी इथे राहतात, त्यांतली काही घरचे दुकान, छापखाना, छोटा कारखाना सांभाळतात. पण गल्ल्यावर बसवणे वेगळे आणि गल्ल्याची किल्ली देणे वेगळे. चाळिशीचा मुलगाही व्यापाऱ्याला 'बाबांना विचारून सांगतो' म्हणत असेल, तर निर्णय घ्यायला त्याने शिकावे कुठे?

म्हणून आमचे सांगणे इतकेच. मुलगा असो, मुलगी वा सून, धंद्यातला एक व्यवहार पुरता सोपवावा: खरेदी, उधारी, वसुली, कर, सगळे. थोडे नुकसान झाले तर ती शिकवणीची फी समजावी. मंडळातही पुढच्या वर्षी उत्सवाचा एक दिवस पंचविशीच्या आतल्यांना द्यावा. त्या दिवसाची वर्गणी, कार्यक्रम, खर्च त्यांचा. आपण शेवटी हिशोब मागावा. मध्येच माइक मागू नये.

उपजत गुण कोणात आहे, हे काम सोपवल्यावरच कळते. ते सोपवणे आपल्या हाती आहे, आणि अडल्यास विचारायला आपण जवळ आहोत तोवरच ते व्हावे.

गणपती बाप्पा मोरया!