शाळा चांगली, पण शेजार कसा?



या सभागृहात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं, सुना, जावई अमेरिकेत आहेत. तिकडे नोकरी बदलली की इकडे फोन येतो, "आई, आता शिकागोला जायचंय. घर कुठे घ्यावं तेच कळत नाही." मग अटींची यादी सुरू होते. शाळा चांगली हवी, वस्ती घरंदाज हवी, आपली चार माणसं जवळ हवीत, आणि मुलांना सगळ्या तऱ्हेच्या लोकांत मिसळायला मिळायला हवं. इतक्या अटी एकाच ठिकाणी पुऱ्या होतात का? बऱ्याच अंशी होतात. पण अशी गावं आपोआप घडत नाहीत. तिथले लोक ती जाणूनबुजून तशी ठेवतात आणि नव्याने येणारं प्रत्येक कुटुंब त्यात भर तरी घालतं किंवा ती मोडायला हातभार तरी लावतं. आज शिकागोच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या ओक पार्क या गावाच्या आधाराने मला एवढंच मांडायचं आहे.

आधी शाळेचा विषय घेऊ, कारण तिथे घर आणि शाळा एकमेकांना बांधलेली असतात. आपल्याकडे मूल डोंबिवलीला राहून दादरच्या शाळेत जाऊ शकतं. अमेरिकेत सरकारी शाळा सामान्यतः पत्त्यावर मिळते. अमुक रस्त्याच्या अलीकडे घर असेल तर ही शाळा, पलीकडे असेल तर ती. प्रवेशाच्या वेळी जन्माचा दाखला आणि लसीकरणाची नोंद लागते, तसाच घराचा भाडेकरार किंवा विजेचं बिलही लागतं. इलिनॉय राज्यात शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. ओक पार्कसारख्या ठिकाणी हा कर दरवर्षी घराच्या किमतीच्या दोन टक्क्यांहून अधिक भरतो. म्हणजे शाळेला फी नाही असं आपण म्हणतो खरं, पण ती घराच्या किमतीत आणि करात आधीच वसूल झालेली असते.

त्यामुळे घर शोधणारं तरुण जोडपं पहिल्यांदा शाळांचे गुण पाहतं. संकेतस्थळांवर प्रत्येक शाळेला दहापैकी गुण दिलेले असतात. नऊवाली शाळा चांगली, पाचवाली टाकाऊ, असा हिशोब होतो. हा हिशोब नीट तपासून पाहिला पाहिजे. परीक्षेतल्या सरासरी गुणांवर पालकांचं उत्पन्न आणि शिक्षण यांची फार दाट सावली असते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रिअर्डन यांनी अमेरिकेतल्या हजारो शालेय जिल्ह्यांचे निकाल अभ्यासून हे दाखवून दिलं आहे. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला : मूल तिसरीत कुठे होतं आणि आठवीत कुठे पोहोचलं? शिकागो शहराच्या सरकारी शाळांना नावं ठेवण्याची अनेकांना सवय होती. पण 2009 ते 2014 या काळात तिथल्या मुलांनी पाच वर्षांत साधारण सहा वर्षांइतकी प्रगती केली, असं त्यांना आढळलं. सरासरी कमी होती, पण शिकवणं जोरात चाललं होतं. इलिनॉय सरकार दरवर्षी प्रत्येक शाळेचं प्रगतिपत्रक प्रसिद्ध करतं, त्यात या वाढीचाही आकडा असतो. तुमच्या मुलांना सांगा, एकूण गुणांआधी तो आकडा पाहा.

आता ओक पार्ककडे वळू. हे सुमारे 54 हजार वस्तीचं, आकाराने लहान गाव आहे. शिकागोच्या मेट्रोच्या हिरव्या आणि निळ्या अशा दोन मार्गिका तिथे जातात. अर्नेस्ट हेमिंग्वे यांचा जन्म इथला. फ्रँक लॉइड राइट यांनी इथे राहून जी घरं बांधली, ती पाहायला आजही जगभरातून लोक येतात. असं हे सुखवस्तू, गोऱ्या लोकांचं गाव. 1950 साली तिथे पर्सी ज्युलियन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने घर घेतलं. त्यांचे आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. ज्युलियन यांनी व्हिएन्नाला जाऊन डॉक्टरेट मिळवली, काचबिंदूवरच्या औषधाचं कृत्रिम संश्लेषण केलं, सोयाबीनपासून संप्रेरकं तयार करण्याचा मार्ग शोधला. त्याच वर्षी शिकागोच्या एका वृत्तपत्राने त्यांना शिकागोचा वर्षातला मानकरी म्हणून गौरवलं होतं. पण घराला पाण्याची जोडणी द्यायला गावचा अधिकारी तयार नव्हता. कुटुंब राहायला येण्याआधीच, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, कोणीतरी घर पेटवून देण्याचा प्रयत्न केला. पुढच्या जूनमध्ये आई-वडील परगावी गेले असताना धावत्या मोटारीतून डायनामाइट फेकलं गेलं. ते मुलांच्या खोलीच्या खिडकीजवळ फुटलं. त्यानंतर ज्युलियन रात्री बंदूक घेऊन अंगणातल्या झाडावर पहारा देत बसत आणि त्यांचा लहान मुलगा त्यांच्या सोबतीला असे. या मुलाने मोठेपणी वकील होऊन नागरी हक्कांचे खटले लढवले.

ज्युलियन कुटुंब गाव सोडून गेलं नाही. गावातल्या बऱ्याच गोऱ्या नागरिकांनीही उघडपणे त्यांची बाजू घेतली. गावाची दिशा बदलायला इथून सुरुवात झाली असं म्हणता येईल. मात्र खरी कसोटी पुढे होती.

ऑस्टिन बुलेवार्ड नावाचा रस्ता ही ओक पार्कची पूर्व सीमा. रस्त्यापलीकडे शिकागोचा ऑस्टिन विभाग. 1960 मध्ये ऑस्टिन जवळपास पूर्ण गोऱ्यांचा होता आणि 1980 पर्यंत तिथली जवळजवळ तीन-चतुर्थांश वस्ती कृष्णवर्णीय झाली. हे नैसर्गिकपणे घडलं नाही. दलाल एका रस्त्यावरचं एखादं घर कृष्णवर्णीय कुटुंबाला मिळवून देत. मग शेजाऱ्यांना फोन जात, भाव कोसळणार आहेत, आत्ताच विकून मोकळे व्हा. घाबरलेल्यांची घरं स्वस्तात घ्यायची आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला चढ्या भावाने विकायची, असा हा धंदा. 1930 च्या दशकापासून सरकारी नकाशांत कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगात दाखवून त्यांना कर्जाला अपात्र ठरवलं गेलं होतं. त्यामुळे अशा गिऱ्हाइकाला बँक दारात उभी करत नसे. त्याला दलालाशीच हप्त्यांचा करार करावा लागे आणि एक हप्ता चुकला तरी घर हातचं जाई. पश्चिम शिकागोचे विभागच्या विभाग असे एकामागून एक उलटत गेले. पुढची पाळी ओक पार्कची, असं सगळेच धरून चालले होते.

ओक पार्कने मात्र पळ काढला नाही आणि दारंही लावून घेतली नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एप्रिल 1968 मध्ये घरांबाबत भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा अमेरिकेत झाला. पुढच्याच महिन्यात ओक पार्कने स्वतःचा गृहसमानता कायदा केला. 1972 मध्ये रॉबर्टा रेमंड यांनी तिथे गृहनिर्माण केंद्र सुरू केलं. या केंद्राचं काम पाहण्यासारखं होतं. भाड्याने घर शोधणारं कुटुंब आलं की समुपदेशक आधी त्यांच्या गरजा विचारत. गोरं कुटुंब बहुधा पश्चिमेकडची घरं मागे, कारण पूर्वेला ऑस्टिनची हद्द. समुपदेशक त्यांना पूर्वेकडच्या इमारती दाखवत. तिथली शाळा, रेल्वे स्थानक, दुकानं यांची माहिती देत. कृष्णवर्णीय कुटुंबाला पश्चिमेकडची घरं दाखवत. निर्णय कुटुंबाचाच. पण एरवी जे घर त्यांच्या मनातही आलं नसतं, ते त्यांच्यासमोर येई.

घर विकणे आहे, अशा पाट्यांची रांग दिसली की घबराट पसरते. म्हणून गावाने अशा पाट्या लावायला मनाई केली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका गावाच्या खटल्यात अशी बंदी घटनाबाह्य ठरवली, तरी ओक पार्कच्या दलालांनी हा संकेत आपणहून पाळला. 1975 मध्ये बांधलेलं नवं ग्रामसभागृह मुद्दाम गावाच्या पूर्वेकडे उभारलं. गावाचा कारभारच सीमेजवळ जाऊन बसला, तर तिथून पळायचं कारण उरत नाही, हा त्यामागचा विचार. 1978 मध्ये गावाने विम्यासारखी एक योजना आणली. घरमालकाने आपल्या घराची किंमत ठरवून घ्यायची. पाच वर्षांनंतर घर त्याहून कमी भावाने विकावं लागलं, तर तोट्याचा 80 टक्के भाग गाव भरून देणार. त्या योजनेतून एकाही घरमालकाला भरपाई द्यावी लागली नाही. भाव पडतील या धास्तीवर दलालांचा सगळा धंदा चालला होता, ती धास्तीच निराधार ठरली.

लोक वाईट नसले तरी वस्त्या का विभागल्या जातात, याचं फार चांगलं उत्तर अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी 1971 मध्ये दिलं. चौकटींच्या पटावर दोन प्रकारची नाणी मिसळून मांडायची. प्रत्येक नाण्याची एवढीच मागणी, की माझ्या शेजाऱ्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा माझ्यासारखा असावा. ज्याची मागणी पुरी होत नाही त्याने जागा बदलायची. काही चालींतच पट दोन वेगळ्या रंगांत वाटला जातो. यात द्वेष कोणीच करत नाही. म्हणून "आपली चार माणसं हवीत" ही अगदी साधी इच्छासुद्धा, हजारो घरांनी एकाच वेळी धरली, की भिंतीचं काम करते. ओक पार्कच्या लोकांनी हे ओळखलं होतं.

ओक पार्कमध्ये सगळं आलबेल आहे असं मात्र मी म्हणणार नाही. साधारण पाचातला एक रहिवासी तिथे कृष्णवर्णीय आहे, दोन माध्यमिक शाळांपैकी एकीला पर्सी ज्युलियन यांचं आणि दुसरीला कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांचं नाव आहे. तरीही तिथल्या हायस्कूलमध्ये वरच्या दर्जाच्या वर्गांत गोरी मुलं जास्त आणि साध्या वर्गांत कृष्णवर्णीय मुलं जास्त, हे चित्र दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स यांनी 2018 मध्ये दहा भागांच्या माहितीपट मालिकेतून जगासमोर आणलं. एका छताखाली शिकणं आणि एकत्र शिकणं यांत अजून अंतर आहे. पण गावाने ते चित्रण आपल्या शाळेत होऊ दिलं आणि नंतर त्यावर उघड चर्चा केली. मुलांसाठी शाळा निवडताना मी या गोष्टीला फार महत्त्व देईन.

मग फोनवर विचारणाऱ्या मुलीला काय सांगायचं? पहिलं म्हणजे, दलालाला "इथे इंडियन किती?" असं विचारू नकोस. घर घेणाऱ्याला वंश पाहून विशिष्ट वस्तीकडे वळवणं तिथे बेकायदा आहे, म्हणून चांगला दलाल या प्रश्नाचं उत्तरच देणार नाही. त्याऐवजी शाळेत वेळ घेऊन जा, शक्य असेल तर जेवणाच्या सुट्टीत. कोणत्या टेबलावर कोण बसलंय ते बघ. वरच्या वर्गांत कोणती मुलं पोहोचतात ते विचार. परदेशातून आलेल्या मुलाला इंग्रजीची जोड कशी देता, ते विचार. प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कोणती भाषा बोलता असा प्रश्न असतो. मुलाला इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात टाकतील या भीतीने काही पालक तिथे मराठी लिहीत नाहीत. खुशाल मराठी लिही. त्या उत्तरावरून फक्त मुलाच्या इंग्रजीची चाचणी घ्यायची की नाही हे ठरतं, आणि गरज असेल तर मदत मिळणं हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे. आणि जायचंच असेल तर मूल लहान असताना जा. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतून बाहेर पडलेल्या कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हा तेरा वर्षांआधी नव्या वस्तीत गेलेल्या मुलांचं मोठेपणीचं उत्पन्न सुमारे 31 टक्के जास्त निघालं. त्याहून मोठ्या मुलांना तो फायदा मिळाला नाही. आपली मुलं त्या परिस्थितीतून आलेली नसतात, पण लहान वयात शेजार मुलाला घडवतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

शिकागोच्या मराठी माणसाला नेपरव्हिल हे उपनगर जवळचं वाटतं आणि त्यात गैर काही नाही. तिथल्या शाळा नावाजलेल्या आहेत, आशियाई वस्ती पाचव्या हिश्शाहून जास्त आहे. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना 1981 मध्ये शिकागोतच झाली. गणपती, दिवाळी, सुट्टीच्या दिवशी भरणारी मराठी शाळा यांसाठी अर्धा-पाऊण तास गाडी चालवायची तयारी तिथे सर्वांचीच असते. तेवढी तयारी असेल, तर आपली माणसं मिळवण्यासाठी आपल्याच माणसांच्या रांगेत घर घ्यायची गरज उरत नाही.

शेवटी आपल्याकडे येतो, कारण हा प्रश्न समुद्रापलीकडचा नाही. 1917 मध्ये परदेशातून शिकून आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले, ओळख कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं आणि त्यांना बडोदा सोडावं लागलं. ज्युलियन यांच्यासारखाच विद्वान माणूस, तसाच अपमान. 2005 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवायची मुभा मान्य केली. मुंबई-पुण्यात आजही भाडेकरूला आडनाव, धर्म, जेवणात काय असतं, हे विचारून दार लावलं जातं.

आपली मुलं परदेशात मोकळी, मिसळलेली वस्ती मागतात आणि तिथले कायदे, तिथल्या लोकांची पन्नास वर्षांची मेहनत त्यांच्या उपयोगी पडते. मग आपल्या सोसायटीच्या पुढच्या सभेत रिकाम्या फ्लॅटचा विषय निघेल, तेव्हा आडनाव न विचारता भाडेकरू घ्यावा हा ठराव आपण मांडला पाहिजे. कोणी विरोध केला तर त्याला सांगा, हीच वागणूक परदेशात आपल्या नातवाला मिळाली तर आपल्याला चालणार आहे का? उत्तर प्रत्येकाला माहीत आहे. त्या उत्तराप्रमाणे वागायचं एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते करायला कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.