हाडांना ओझे हवे



माणूस साठीला आला की घरची मंडळी त्याच्या हातातली पिशवी काढून घेतात. ‘आता बसा, पुष्कळ केलेत,’ म्हणतात. आजीला तर पाण्याची कळशीही उचलू देत नाहीत. यामागे मायाच असते, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु हाडांच्या बाबतीत ही माया फार महाग पडते.

हाड म्हणजे घराचा खांब, एकदा उभा केला की झाले, अशी आपली समजूत असते. वास्तविक हाड जिवंत असते. जुना भाग पोखरणाऱ्या पेशी त्यात असतात, तशा नवा भाग भरणाऱ्याही असतात. तिशीच्या सुमारास ही पुंजी सर्वांत मोठी असते. पुढे भरण्यापेक्षा पोखरणे वरचढ होते, आणि स्त्रियांची पाळी थांबल्यावर काही वर्षे ही झीज विशेष वेगाने होते. मग न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्त पुरते, खुब्याचे हाड मोडते आणि हिंडताफिरता माणूस अंथरुणाला खिळतो.

दूध, नाचणी, ऊन यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे, आणि ते खरेही आहे. परंतु विटा-चुना दारात आणून टाकला तरी गवंड्याला हुकूम लागतो. हाडाला तो हुकूम भार देतो. युलिउस वोल्फ या जर्मन शल्यवैद्याने १८९२ साली ग्रंथ लिहून हेच मांडले, की जसा भार पडेल तशी हाडाची घडण बदलते. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हाताहून जाड असते. उलट अंतराळात शरीराला वजनच जाणवत नाही. तेथे अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड, पुरेसा व्यायाम नसेल तर, महिन्याला १ टक्क्याहून अधिक झिजू शकते. ही तर निवडून घेतलेली धट्टीकट्टी माणसे! आजोबांची आरामखुर्ची अंतराळाइतकी वाईट नसेल, पण तिचे तोंड त्याच दिशेला आहे.

‘आम्ही रोज फिरतो,’ असे कोणी म्हणतील. अवश्य फिरावे, हृदयाला ते हितकर आहे. मात्र सवयीच्या संथ चालीतून हाडाला नवा हुकूम फारसा मिळत नाही. पोहताना तर पाणीच भार उचलते. जिना चढावा, हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठावे, भिंतीला हात लावून जोर काढावेत. ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाचा वृत्तांत २०१८ साली प्रसिद्ध झाला. हाडे विरळ झालेल्या वयस्क स्त्रियांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली चांगली जड वजने उचलली. ८ महिन्यांत त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली.

हे ऐकून उद्या सकाळी कोणी गव्हाचे पोते उचलू नये! त्या स्त्रियांनीही आरंभ हलक्या वजनाने केला होता. ज्यांचा मणका पूर्वी मोडला आहे, त्यांनी कमरेत वाकून अंगठे धरू नयेत; सूर्यनमस्कारही डॉक्टरांना विचारूनच घालावेत. चालू औषध व्यायामाच्या भरवशावर सोडू नये.

मुलांची उंची आपण दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडतो. तेथेच आजी-आजोबांचीही मांडावी. तरुणपणच्या उंचीहून ती दीड इंच कमी भरली, तर एखादा मणका न दुखताच दबला असण्याचा संभव असतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जाऊन पाठीच्या कण्याचा फोटो काढून घ्यावा.