गुरुजी आणि भाऊसाहेब

(कलशारोहण सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी सभामंडपात केलेले भाषण)



मी वक्ता नाही. तहसील कचेरीत टेबलावर बसून टिपण्या लिहिणारा कारकून आहे. शिक्षण एस. एस. सी. समितीने हुकूम केला की आपल्या भागातील एखाद्या थोर माणसाविषयी चार शब्द बोला. मी नाव सांगितले तेव्हा बैठकीत थोडी चुळबूळ झाली. एका वडीलधाऱ्यांनी स्पष्टच विचारले, "अरे, तो माणूस देव मानत नव्हता. महादेवाच्या मांडवात त्याचे नाव कशाला?" प्रश्न रास्त होता. तरी समितीने परवानगी दिली, याबद्दल मी ऋणी आहे. ते नाव म्हणजे नरहर कुरुंदकर गुरुजी.

गुरुजी आपल्याच जिल्ह्याचे. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे त्यांचे मूळ गाव आणि नांदापूर हे आजोळ. १५ जुलै १९३२ रोजी नांदापूरला त्यांचा जन्म झाला. तेव्हा इथे निजामाचे राज्य होते. हिंगोली जिल्हा तर १९९९ साली झाला, त्याआधी आपण सारे परभणीकर. शाळा वसमतला झाली. पुढे ते हैदराबादला मामांकडे शिकायला गेले. मामा म्हणजे डॉ. नारायण गोविंद नांदापूरकर, उस्मानिया विद्यापीठातील मराठीचे विभागप्रमुख. मुक्तेश्वर आणि मोरोपंत या दोघांच्या महाभारतांचा त्यांनी तौलनिक अभ्यास केला, तो ग्रंथ जाणकारांत मान्यता पावलेला आहे.

आता गंमत पाहा. मामा एवढे विद्वान, घरात ग्रंथच ग्रंथ, आणि भाचा इंटरच्या परीक्षेत नापास! आपल्याकडे अशा मुलाला काय म्हणतात ते मी सांगायला नको. परंतु मामांच्या सहवासात वाचनाची जी गोडी लागली, ती निकालाने सुटली नाही. १९५५ साली हा मुलगा नांदेडला प्रतिभा निकेतन शाळेत मास्तर म्हणून लागला. स्वतःजवळ पदवी नाही, आणि कॉलेजची, एम. ए.ची पोरे संध्याकाळी शंका विचारायला या मास्तरकडे येत, असे त्या काळचे लोक सांगतात. मास्तरकी करीत करीतच त्यांनी बी. ए., एम. ए. पुरे केले. १९६३ साली ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले, पुढे त्याच कॉलेजचे प्राचार्यही झाले. पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत 'गुरुजी' हेच राहिले.

त्यांची विद्वत्ता मोजायची माझी पायरी नाही. 'जागर', 'शिवरात्र', 'व्यासांचे शिल्प' ही पुस्तके मी वाचली आहेत, सगळी कळली असे म्हणणार नाही. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून गुरुजींचे एक लांबलचक पत्र छापलेले आहे. शिवाजी महाराजांविषयी एवढे बारकाईने लिहिलेले मी दुसरीकडे वाचले नाही. मनुस्मृती, महाभारत, इतिहास, संगीत, कशावरही हा माणूस तासभर बोले. आणि बोलायला मोठे शहरच हवे असा हट्ट नव्हता, मराठवाड्यातल्या लहान गावांतूनही ते व्याख्यानाला जात. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्या वेळच्या औरंगाबादला एका कार्यक्रमात बोलत असतानाच ते गेले. वय पुरते पन्नासही नव्हते.

त्याच वर्षी माझा जन्म झाला. मग मी त्यांची आठवण कशी सांगतो, असे कोणी विचारील. ती आठवण माझी नव्हे, आमच्या भाऊसाहेबांची आहे. महसूल खात्यात अव्वल कारकुनाला भाऊसाहेब म्हणण्याची रीत आहे. नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण त्यांना ते आवडले नसते. तुमच्यापैकी बहुतेकांचे सातबाऱ्याचे काम त्यांच्या हातून झाले आहे, तेव्हा ओळख पटेलच.

एक गोष्ट मी आजवर गावात चोरून ठेवली. मी बारावीला दोनदा नापास झालो. "वडील वारले म्हणून शिक्षण सुटले" असे मी सर्वांना सांगत आलो, घरीही. वडील वारले हे खरे, पण ते दुसऱ्या निकालानंतर. ते कचेरीत शिपाई होते. त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर २००३ साली मी लागलो. पहिल्याच आठवड्यात भाऊसाहेबांनी मला कागद वाचायला दिला आणि विचारले, "दहावीनंतर काय केलेस?" मी तीच थाप मारली. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी कपाट बंद करताना म्हणाले, "आमचे गुरुजी इंटरला नापास झाले होते. मी त्यांच्या वर्गात बसलो आहे." एवढेच. मला घाम फुटला. यांना कोणी सांगितले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

दुसऱ्या दिवसापासून कचेरी सुटल्यावर एक तास त्यांच्यासमोर बसायचे असा नेम झाला. फेरफार कसा वाचावा, टिपणीत आधी काय आणि मग काय लिहावे, शेतकरी समोर उभा असेल तर त्याला आधी बसायला सांगावे. ही शेवटची गोष्ट कुठल्याही नियमावलीत नाही. टायपिंगच्या क्लासची पहिली फी त्यांनीच भरली. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झालो. तिन्ही वेळा निकाल पाहायला ते माझ्याबरोबर आले. २०११ साली शिपायाचा कारकून झालो. आईचा निराधार योजनेचा अर्ज आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण, यातही त्यांचा हात आहे. बहिणीने शिकू नये असे आमच्या घरात ठरत आले होते. भाऊसाहेब चहाला आले, दोन तास बसले, आणि ठरलेले बदलून गेले. माझ्यासारखे आणखी पाच-सहा जण तरी कचेरीत असतील.

भाऊसाहेब दर सोमवारी या महादेवाला येत. गुरुजी नास्तिक आणि शिष्य असा, हे कसे, असे मी एकदा धीर करून विचारले. ते हसले आणि म्हणाले, "गुरुजींनी मला विचार करायला शिकवले, त्यांच्यासारखाच विचार कर असे म्हटले नाही."

ज्या वडीलधाऱ्यांनी बैठकीत प्रश्न विचारला, त्यांना मी औंढ्याची गोष्ट आठवून देतो. ती आपण सारेच कीर्तनात ऐकत आलो आहोत. नरसीचे नामदेव महाराज विसोबा खेचरांकडे गेले, तेव्हा ते पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत तर तिथेही पिंड! अशा माणसाला नामदेवांनी गुरू केले. यापुढे मी बोलत नाही. मी कीर्तनकार नव्हे.

भाऊसाहेब तीन वर्षांपूर्वी वारले. गाभाऱ्याच्या कामाला त्यांनी दिलेली रक्कम देणगीदारांच्या यादीत आहे, 'एक भक्त' म्हणून. जाण्यापूर्वी त्यांनी मला एक लोखंडी पेटी दिली. तीत सदतीस पुस्तके निघाली. त्यांतली बरीच गुरुजींची, मामांचा तो मोठा ग्रंथही आहे. आमच्या घरात ओल येते, पुस्तके टिकणार नाहीत. सभामंडपाच्या उजव्या हाताला जी नवी खोली झाली आहे, तिच्या एका भिंतीवर फळ्या ठोकायला समितीने मंजुरी दिली आहे. फळ्या मी आणल्या आहेत, सुतारही ठरला आहे.

यंदा गावातली काही मुले बारावीला अडली, हे मला ठाऊक आहे. ती आज मागे, खांबाच्या आड बसली आहेत. माझा मुलगाही त्यांच्यातच आहे, आणि बापाची खरी गोष्ट त्याला आत्ताच कळते आहे. शनिवारी आणि रविवारी आरतीनंतर मी त्या खोलीत असेन. खोलीची किल्ली पुजारीकाकांकडे आहे.