रिकामी जागा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आमच्या सरांनी प्रयोगशाळेत एक शिस्त घालून दिली होती : आधी मंडलाची आकृती काढायची, मग तारेला हात लावायचा. ही शिस्त मी एकदा मोडली. त्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

१९५७ साली अमेरिकेतील मेनार्ड गावी, लोकरीच्या एका जुन्या गिरणीत, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी सुरू झाली. १९६५ च्या तिच्या पीडीपी-८ या यंत्राने लघुसंगणकाचे युग रुजवले. पुढे हे घराणे आकाराने आक्रसत १९८५ मध्ये मायक्रोव्हॅक्स-२ पर्यंत आले. रेखाचित्रे दाखवणारा पडदा जोडलेले त्याचेच रूप म्हणजे व्हॅक्सस्टेशन-२. बीए-२३ या त्याच्या पेटीत ८ स्लॉट असत. ती टेबलाशेजारी उभी ठेवता येई किंवा १९ इंची रॅकमध्ये आडवी बसवता येई. तिची थोरली बहीण बीए-१२३ चाकांवर उभी असे व तिच्यात १२ कार्डांची सोय असे.

पेटी म्हणजे नुसते वेष्टन नव्हे. तिच्यातील मागच्या फळीवरून जाणाऱ्या क्यू-बस या मार्गाने कार्डे एकमेकांशी बोलत. मात्र स्मृतीशी थेट व्यवहार करण्याची परवानगी प्रोसेसरकडून निघे आणि कार्डाकार्डांतून पुढे जाई. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांच्या रांगेतून बादली जावी, तशी.

१९८० च्या दशकाअखेर एका प्रयोगशाळेत असताना मी अशा यंत्रातले न लागणारे एक कार्ड काढले आणि ती जागा तशीच रिकामी सोडली. यंत्र सुरू केले. प्रोसेसर व स्मृती यांच्या चाचण्या पार पडल्या. पण डिस्कवरून प्रणाली सुरू होईना. दोन दिवस मी डिस्कला दोष दिला, केबल बदलल्या. अखेर ती दुसऱ्या यंत्रावर नेऊन कोरी करून घेण्याचे ठरवले. त्या डिस्कवर एका सहकाऱ्याचे वर्षभराचे मोजमाप होते आणि त्याची दुसरी प्रत नव्हती.

त्या रात्री सरांची आठवण झाली. कागद घेतला, आकृती काढली. कोणते कार्ड कितव्या जागी, हे मांडताच उलगडा झाला. डिस्कचे नियंत्रक कार्ड रिकाम्या जागेच्या पलीकडे होते. तिथवर परवानगी पोहोचतच नव्हती. केवळ परवानगी पुढे देणारे एक चिमुकले कार्ड मी तिथे बसवले. यंत्र चालू झाले. सहकाऱ्याचे काम वाचले. माझा ताठा तेवढा गेला.

१९९८ साली कॉम्पॅकने ती कंपनी विकत घेतली. आज ही यंत्रे संग्रहालयांत व हौशी जतनकर्त्यांच्या घरी आढळतात. आपल्यापैकी कोणाच्या कचेरीत असे जुने यंत्र मोडीत निघत असेल, तर माझी एवढीच विनंती : पहिले कार्ड उपसण्यापूर्वी त्याच्या मांडणीची आकृती काढून पेटीत ठेवा. सुटी कार्डे यंत्राची रचना सांगू शकत नाहीत.

ते चिमुकले कार्ड स्वतः कोणतेही गणित करीत नसे. हाती आलेले पुढे पोहोचवी, एवढेच. सरांनीही आयुष्यभर तेच केले.